गाठ सोडणारे गुलाबकाका

गुलाबकाका भोयर अंगावर कुठेही गाठ बांधत नाहीत. पायजम्याला नाडी नाही, इलॅस्टिक आहे. जोडे बिनलेसचे. राखीला बहीण येते तेव्हा ती राखीचे दोन दोरे मनगटावर नुसते एकावर एक ठेवते आणि काका दिवसभर दुसऱ्या हाताने ते धरून बसतात. कुणाच्या लग्नात नवरा-नवरीच्या शेल्याला गाठ मारायची वेळ आली, की हे उठून मांडवाबाहेर पाणी प्यायला जातात. माणूस अत्यंत सज्जन. तरी नेरच्या बसस्टँडमागच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे घाबरतात, आणि सगळ्यांत जास्त मी घाबरतो.

तसा मी सगळ्यालाच घाबरतो. तहसील कचेरीत कारकून आहे, तेव्हा साहेबांना घाबरणं नोकरीतच आलं. त्याशिवाय पाल, वीज, सासरेबुवा. पण ही मंडळी सकाळी सातला दारात उभी राहून "बाबू, कचरा दाखवा" असं म्हणत नाहीत. गुलाबकाका म्हणतात.

काका तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचे. डॉक्टर बदलत गेले, काका तिथेच. गाय खात नाही, पोट फुगलं म्हणून कुणी घेऊन यायचा, डॉक्टर तिची डावी कूस उघडायचे आणि आतून जे निघायचं ते काकांच्या हातात पडायचं. मोजा निघाला, रेनकोटची बाही निघाली, एकदा तर लग्नाच्या पत्रिकांचा अख्खा गठ्ठा निघाला. बाकी सगळ्या पन्न्या, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या. आत शिळा भात, भाजीची देठं, आणि तोंडाला गाठ.

"गायीले हात असते, त तिनं गाठ सोडून खाल्लं असतं," काका सांगतात. "तिले हात नाही. वास त येते आतून. मंग ते पन्नीसकट गिळते. अन्न तुमचं, गाठ तुमची, अन् पोट तिचं. मले भेव लागते, बाप्पा."

"भेव लागते, बाप्पा" हे त्यांचं पालुपद. आभाळ आलं, भेव लागते. कुणाच्या घरी बारसं निघालं, भेव लागते, कारण जेवणावळ आली की उष्टं आलं आणि उष्टं आलं की पन्नी आली. मी एकदा धीर करून म्हटलं, "काका, एवढं काय घाबरायचं?" तर माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "भेव पाह्यजे माणसाले. तुमाले हाय, म्हणून तुमी बरे माणूस हा." माझ्या भित्रेपणाची अशी तारीफ आजवर बायकोनेही केलेली नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गल्ली हातात घेतली. आधी मोठ्यांना समजावलं. मोठ्यांनी "हो हो काका" म्हटलं आणि काकांची पाठ वळताच गाठ मारली. मग काकांनी आमची पोरं फितवली. गल्लीत दहा-बारा मोकाट गाई. एकेक गाय एकेका घराला वाटून दिली. लिंबाच्या झाडाखाली घमेलं ठेवलं, शिळंपाकं त्यात उघडं टाकायचं. पन्नी धुऊन काकांच्या अंगणातल्या तारेवर वाळत घालायची. आणि पोरांना शिकवलं पोट ऐकायला. गायीच्या डाव्या कुशीवर मूठ टेकवून उभं राहायचं. थोड्या वेळानं आत गडगडलं, मूठ उचलली गेली, की पोट बोललं. बोललं म्हणजे सगळं ठीक.

पोरं या विद्येनं वेडीच झाली. माझी मनू चौथीत आहे. आठवडाभर मी दुपारी जरा आडवा झालो की ती माझ्या डाव्या कुशीवर मूठ ठेवून गंभीर चेहऱ्यानं बसायची. "बाबा, तुमचं लय बोलते," असा निकालही तिनं दिला.

आमच्या वाट्याला आली चांदी. कपाळावर पांढरा ठिपका असलेली तांबडी गाय. मालक कोण, कुणाला ठाऊक नाही. मनू शाळेत जाताना तिचं पोट ऐकायची, येताना पुन्हा ऐकायची.

काकांची आणखी एक विद्या होती, आणि माझी झोप उडवणारी तीच. गाठ पाहिली की ते घर सांगायचे. "हे डाव्या हातानं मारली, म्हणजे राऊतमास्तर. हे तीन पिळांची, ठाकरेबाईची." आणि आमच्या घराला तर विद्येचीही गरज नव्हती. कचेरीत फायलींना बांधायची लाल फीत असते, तिचे तुकडे माझ्या खिशात घरी येतात. आमच्याकडे साखरेच्या पिशवीपासून मनूच्या वेणीपर्यंत सगळं लाल फितीनं बांधलेलं.

यंदाचा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं लाकडाचे नंदी सजवून घरोघरी येतात, त्यांना बोजारा म्हणून खाऊ द्यायचा. काकांनी पोरांना नवा नेम घालून दिला: नंदी घेऊन जायचं, आधी स्वयंपाकघर बघायचं, आणि जिथे गाठ मारलेली पन्नी दिसेल त्या घरचा बोजारा घ्यायचा नाही. घ्यायचा नाही म्हणजे नंदी दारातून परत फिरवायचा. सणाच्या दिवशी दारातून नंदी परत गेला तर गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही. आणि पोरांच्या या वरातीची मुख्य होती आमची मनू.

पोळ्याला कळंबहून माझे सासरे सहकुटुंब आले, जेवले आणि गेले. पुरणपोळ्या बेसुमार उरल्या. रात्रभर झाकून ठेवल्या, सकाळी बघतो तर आंबूस वास. बायको आंघोळीला, मनू नंदीला घुंगरू लावायला काकांकडे. मी त्या पोळ्यांच्या ढिगासमोर उभा. घमेल्यात टाकाव्यात तर घमेलं काकांच्या खिडकीसमोर. "बाबू, इतकं अन्न काहून नासवलं?" असं भर गल्लीत विचारणार. घरात ठेवाव्यात तर तासाभरात वरात येणार. मला घाम फुटला. मग मी जे केलं ते कोणत्याही शहाण्या माणसानं केलं नसतं. पोळ्या पन्नीत कोंबल्या, वास येऊ नये म्हणून तोंड आवळलं, आणि कचेरीच्या सवयीनं खिशातून लाल फीत काढून दोन गाठी मारल्या. मागच्या भिंतीवरून ती नाल्याकडे भिरकावली.

दहाला वरात आली. पोरांनी डबे उघडले, मोरीत डोकावलं. मनूनं स्वतः ओट्याखाली वाकून बघितलं आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "पाह्यलं? आमच्या घरी गाठच नाही." मी घाईघाईनं तिच्या हातात दुप्पट बोजारा ठेवला. बायकोला वाटलं, मला भरून आलं.

तिसऱ्या दिवशी मनू शाळेत न जाता दारातूनच परत आली. दप्तर पाठीवर, तोंड पांढरं.

"बाबा, चांदीचं पोट बोलून नाही राह्यलं."

मी हातातला चहा खाली ठेवला. चांदी लिंबाखाली उभी होती, मान खाली, डावी कूस तट्ट फुगलेली. काकांनी कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग उठले. "भेव लागते" म्हणाले नाहीत, तेव्हा मी खरा घाबरलो.

अख्खी गल्ली चांदीला ढकलत, गोंजारत दवाखान्यात घेऊन गेली. राऊतमास्तर पुढे दोर धरून, ठाकरेबाई मागून, पोरं दोन्ही बाजूंनी. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी चांदीला लोखंडी पाइपांच्या खोड्यात उभी केली, तपासलं आणि म्हणाल्या, "उघडावं लागेल. उशीर झालाय. वाचेलच असं नाही सांगत." मग काकांकडे वळून त्यांनी विचारलं, "काका, हात द्याल?" काकांनी बाह्या वर केल्या.

"मला कचेरीत काम आहे," मी मनूला म्हटलं. मला तिथून पळायचं होतं.

तिनं माझं बोट घट्ट धरलं. "थांबा नं बाबा. मले भेव लागते."

थांबलो. डॉक्टरबाईंनी कूस बधिर केली, चिरली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. पन्न्या निघू लागल्या. काळ्या, पिवळ्या, एकमेकींत गुंतलेल्या. काका एकेक बादलीत धूत होते, गाठ सोडत होते, घमेल्यात टाकत होते. चांदी डोळे मिटून उभी होती, कातडी थरथरत होती. भिंतीजवळ उभ्या आयाबापांपैकी कुणी कुणाकडे बघत नव्हतं. प्रत्येकाची नजर घमेल्यावर.

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. चांदी मरेल याची भीती मला होतीच. पण त्याहून मोठी भीती त्या लाल फितीची होती. माझं बोट धरून माझी पोर उभी होती आणि मी मनात कळंबच्या चिंतामणीला म्हणत होतो, देवा, ती निघू नको देऊ.

ती निघाली. डॉक्टरबाईंच्या मुठीतून लाल टोक लोंबलं. काकांनी पन्नी हातात घेतली, बादलीत बुडवली, वर काढली. दोन गाठी, कचेरीतल्या. काका थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं मनूकडे. मग मूठ मिटली आणि हात पाण्याखाली नेला.

"ते कोणाच्या घरची, काका?" मनूनं विचारलं.

"पोटात सैल झाली, पोरी," काका म्हणाले. "वळखू नाही येत."

चांदीला टाके घालून तिथेच ठेवली. पाच दिवस मनू जेवताना पानात नुसती बोटं फिरवायची. रोज शाळा सुटली की दवाखान्यात जाऊन मूठ टेकवायची आणि मान हलवत परत यायची. सहाव्या दिवशी ती रस्त्यानं ओरडतच आली. "बोललं! बाबा, बोललं!"

त्याच दिवशी संध्याकाळी काका आमच्याकडे आले. मनू परसात होती. काका खुर्चीत बसले आणि टेबलावर एक गोष्ट ठेवली. लाल फीत. धुतलेली, गाठी सोडलेली, हातानं सरळ केलेली.

"काका, मी..."

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "मी रागवाले नाही आलो."

मग खिशातून त्यांनी चुन्याची जुनी डबी काढली. तंबाखू तर ते खात नाहीत. झाकण उघडलं. आत खाकी कापडाची एक चिंधी होती, आणि चिंधीला गाठ.

"हे माह्या ड्युटीच्या शर्टाची चिंधी हाय. टेरिकॉटची, सडत नाही. फाटला शर्ट, का सुमन त्याच्या पट्ट्या फाडे अन् पन्नीचं तोंड बांधे. घाण सांडू नाही म्हणून. लय टापटिपीची होती." सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली. पोरं झाली नाहीत. "आमच्या दारची कपिला होती. घरातली पयली पोळी सुमन तिले दे, मंग मले. एक दिवस तिले दवाखान्यात आणली, पोट उघडलं, अन् हे माह्याच हातात आलं. कपिला दुसऱ्या दिवशी मेली. सुमन तीन दिवस जेवली नाही. मले पुसे, काहून मेली जी माही कपिला? मी म्हणो, साप चावला असन."

काकांनी डबी माझ्याकडे जरा सरकवली.

"त्या दिवसापासून मी घरात गाठ बंद केली. काहून, ते नाही सांगतलं. तिले वाटे, नवरा येडा झाला. माह्या पायजम्यात इलॅस्टिक तिनंच घातलं, हसत हसत. सांगाचं होतं तिले. रोज म्हणो, उद्या सांगू. भेव लागे, का तिच्या हातून पोळी सुटन गायीची. मंग तेच गेली. आता कोणाले सांगू?"

परसातून मनूचा आवाज येत होता. ती कुणाला तरी चांदीचं पोट कसं बोललं ते करून दाखवत होती.

"तुमची गोष्ट मी कोणाले नाही सांगणार," काका म्हणाले. "पोरीले सांगाचं का नाही, ते तुमचं तुमी पाहा. माह्यावानी उद्यावर नोका ठेवू, इतकंच."

ते उठले. डबी मिटायला लागले तेव्हा मला राहवलं नाही. "काका, गल्लीच्या एवढ्या गाठी सोडल्यात. ही नाही सोडली?"

त्यांनी चिंधीवरून अंगठा फिरवला, हळूच, पोराच्या पिरगळलेल्या पायावर फिरवावा तसा.

"हे तिच्या हातची हाय, बाप्पा," ते म्हणाले. "हे नाही सोडवत मले."

जोडे पायात सरकवून ते गेले. फाटकातून वळून म्हणाले, चांदीला उद्या हिरवा चारा कुणाकडून आहे ते पोरीला विचारून ठेवा. मी टेबलावरची लाल फीत उचलली आणि परसाच्या दाराशी गेलो.

"मनू, जराशी इकडे ये."

"काय बाबा?" ती पळत आली, ओल्या हातांनी, हसत. मी खाली बसलो आणि मूठ उघडून तिच्यासमोर धरली.

लय भेव लागत होतं.