सरकार पडण्याची वाट पाहणारे मोहितेकाका

संसदीय लोकशाहीवर मोहितेकाकांइतकी निष्ठा असलेला नागरिक आमच्या भाईंदरच्या जेसल पार्कात दुसरा नाही. कुठलंही सरकार शपथ घेऊ लागलं की काका टीव्हीसमोर हात जोडून बसतात आणि ते लवकर पडावं म्हणून प्रार्थना करतात.

यात पक्षाचा काही संबंध नाही. डावं, उजवं, मधलं, सगळी सरकारं त्यांना सारख्याच घाईने पडायला हवी असतात. एखाद्याला स्पष्ट बहुमत मिळालं की काकांचा चेहरा उतरतो. "पाच वर्षं!" ते मला लिफ्टमध्ये म्हणतात. "पाच वर्षं काय करायचं माणसानं?"

आघाडीचं सरकार आलं की मात्र त्याच चेहऱ्यावर तुकतुकी येते. सकाळी पेपर घेऊन काका माझ्या दारात.

"रुसलाय!"

"कोण?"

"घटक पक्ष. समन्वय समितीच्या बैठकीला गेला नाही. पोट बिघडलं म्हणे. आघाडीत कुणाचं पोट बिघडलं की समजायचं."

त्या दिवशी काकांचा मतदानाचा पांढरा शर्ट इस्त्रीला जातो.

यंदा ते पोट खरोखरच बिघडलं. घटक पक्षाने देशहितासाठी पाठिंबा काढला, पंतप्रधानांनी देशहितासाठी राजीनामा दिला आणि विरोधकांनी देशहितासाठी फटाके वाजवले. एकाच दुपारी देशाचं इतकं हित झालेलं मी पाहिलं नव्हतं. मध्यावधी निवडणूक जाहीर झाली. सोसायटीत सगळे वैतागले. काकांनी पेढे वाटले.

"किस खुशी में, काका?" खालच्या मजल्यावरच्या शाहभाईंनी विचारलं.

"सरकार गिर गया!"

"आपकी पार्टी आ रही है क्या?"

"पार्टी को मारो गोली. व्होटिंग आ रहा है."

आता गंमत अशी की काकांचं मत भाईंदरला नाहीच. गिरगावातली त्यांची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, चाळकरी विरार-डोंबिवलीपर्यंत पांगले, पण मतदारयादीतलं नाव काकांनी हलवू दिलेलं नाही. एकदा इथला एक उमेदवार दारोदार फिरत आला आणि काकांच्या पाया पडायला वाकला. "सुखी राहा," काका म्हणाले, "माझं मत गिरगावात आहे." उमेदवार गुडघ्यापर्यंतच पोचला होता. तिथूनच सरळ झाला.

"काका, नाव इकडे करून घ्या ना," मी एकदा सुचवलं. "समोरच्या शाळेत तर केंद्र असतं." वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक हातात दिल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

या वेळी गुडघा दुखत होता, म्हणून मतदानाच्या दिवशी मी त्यांना गाडीने गिरगावात नेलं. माझं मत मी सकाळीच देऊन टाकलं होतं. केंद्र होतं त्या शाळेच्या फाटकासमोर एका बंद दुकानाच्या पायरीवर काका जाऊन बसले. आत जाण्याचं नाव नाही.

"मत देऊन या, मग बसा," मी म्हणालो.

"दिलं की हवालदार म्हणतो, झालं ना, निघा आता. न दिलेल्याला हाकलता येत नाही. लोकशाही आहे."

अधूनमधून जुन्या चाळीतलं कुणीतरी थांबत होतं. "काय मोहिते, अजून आहात?" "आहे की. तू कुठे असतोस?" दोन वाक्यं झाली की माणूस पुढे जायचा आणि काका पुन्हा कोपऱ्याकडे बघत बसायचे. मागच्या खेपेला ही पायरी भरली होती म्हणे. या खेपेला पायरीवर आम्ही दोघं होतो, त्यातला एक ड्रायव्हर.

दुपारनंतर त्यांनी सांगितलं. गावंडची वाट बघत होते. चाळीत समोरचं दार त्याचं. मागच्या निवडणुकीला तो आला नव्हता.

"मग फोन करायचा ना त्यांना!"

काका म्हणाले, "दुसऱ्याच कुणी उचलला तर?"

मी चहा आणायला गेलो.

सहा वाजत आले तेव्हा हवालदार स्वतः रस्ता ओलांडून आला. "आजोबा, फाटक बंद होतंय. मतदान करायचंय ना? चला, रांगेत उभे राहा."

"एक जण यायचाय."

"ते येतील तेव्हा येतील. तुम्ही तर या."

काका हलले नाहीत. कोपरा सोडून नजर हलवायलाही तयार नव्हते. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले, फाटक बंद झालं.

थोड्या वेळाने टॅक्सी आली. आधी काठी बाहेर आली, मग एक पाय, मग बऱ्याच प्रयत्नांनी गावंड.

"बंद झालं?"

"तुझ्यासाठी उघडं ठेवतील काय? जन्मात कधी वेळेवर आलायस?"

"डोंबिवलीहून यायचं म्हणजे काय खेळ आहे? तुझं मत खोडायला आलो होतो एवढ्या लांबून." गावंड काकांना टेकूनच पायरीवर बसले. "तू दिलंस ना?"

"बस आधी नीट," काका म्हणाले. त्यांनी गावंडांची काठी घेतली आणि स्वतःच्या पलीकडच्या बाजूला, गावंडांचा हात पोचणार नाही अशी ठेवली.

हे दोघं आयुष्यभर एकमेकांच्या विरोधी पक्षांना मत देत आले आहेत. त्यामुळे निकालात काहीही फरक पडला नाही.