तिसरी डबी

आमच्या घरी चहाला येणारा एक माणूस बसण्याआधी खुर्ची उलटी करतो. तुमच्याकडचे पाहुणे काय करतात मला माहीत नाही. बहुतेक बसत असतील. इंगवले मेजर आल्या आल्या खुर्चीचे पाय छताकडे करतात, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढतात, एकेक स्क्रू आवळतात, खुर्ची सुलटी करून हलवून बघतात आणि मग टेकतात. वर मलाच सुनावतात, "सायेब, असल्या ढिल्या खुर्चीवर बसून तुमी बँकेचा हिशोब करताय व्हय?"

कुवेतच्या मंगफ भागात आमच्या समोरचं दार त्यांचं. 'मेजर' ही काही त्यांची खरी पदवी नव्हे. सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात फौजेतून पेन्शनीवर आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. हे होते हवालदार, रायफली दुरुस्त करणारे. निवृत्तीनंतर कुवेतमधल्या शिकारी बंदुकांच्या एका दुकानात, मागच्या खोलीत, पुन्हा तेच काम करायला लागले. बायको गावी असते. "एक मुलगा हाय, साताऱ्यात असतो," एवढं बोलून ते लगेच उठतात आणि आमच्या फ्रिजच्या दाराची बिजागरी तपासायला लागतात.

या माणसाचे नियम आमच्या घरात घुसले, याचा मला खरा संताप आहे. माझ्या बायकोचा चहा कसा झालाय हे ते पहिल्या कपात कधीच सांगत नाहीत. "वहिनी, एका गोळीवरनं निशाण ठरत न्हाई. तीन लागतात." म्हणजे तीन कप! बरं, दोन कपांच्या मध्ये थांबायचं, कारण "नळी गार हुंद्या". एकदा आम्हा नवराबायकोचं चांगलं रंगलेलं भांडण त्यांनी याच वाक्यावर बंद पाडलं. "गार हुंद्या, मग बोला," म्हणाले आणि दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून बसले. अर्थात आधी ती उलटी करून. भांडणाचा विषय काय होता तेच आम्ही विसरलो. आता तुम्हीच सांगा, माणसाने स्वतःच्या घरात मनासारखं भांडायचंही नाही?

आणि 'बाद' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नाही. आमचा जुना मिक्सर बाद झाला, असं मी सहज म्हणालो, तर तोंड लालबुंद. "कुणी ठरवलं बाद? तुमी? किती डाव तपासला?" मिक्सर बगलेत मारून घेऊन गेले. तो आजही चालतो. आवाज मात्र रणगाड्यासारखा येतो.

माझ्या मुलाच्या वाढदिवसाला त्यांना बोलावलं होतं. केकवरच्या क्रीमच्या गुलाबाकडे बराच वेळ बघत राहिले. मग हळूच विचारलं, "ही फुलं हातानं काढत्यात का मशीननं?" हातानं काढतात, असं बायको म्हणाली. मेजर केक न खाताच उठले. मला राग आला. एवढ्या प्रेमाने बोलावलं, तर निदान तुकडा तरी तोंडात टाकावा की नाही!

पण हे सगळं मी सहन केलं. माझ्या शुक्रवारच्या सुट्टीवर घाला आला, तेव्हा मात्र कडेलोट झाला.

झालं असं, की त्यांच्या दुकानातून अबू नासिर नावाच्या एका वयस्कर कुवेती गृहस्थाने नवी कोरी शिकारी रायफल घेतली. थंडीत भावांबरोबर परदेशी शिकारीला जायचं होतं. नेमबाजीच्या मैदानावर नेऊन उडवली, तर भोकं कागदभर, कुंकू शिंपडावं तशी. अबू नासिर दुकानात येऊन काउंटरवर हात आपटायला लागले. मालक म्हणाला, परत करा, आपण कंपनीला 'बाद माल' म्हणून पाठवून देऊ.

एवढं ऐकायचा अवकाश, मेजर मागच्या खोलीतून बाहेर आले. नंतर आमच्याकडे सांगताना त्यांनी तो आवाज काढूनच दाखवला. "मुदीर, नवी सून आणि नवी रायफल, आल्या आल्या नावं ठेवू नयेत!" हे त्या मुदीरला, म्हणजे मालकाला, हिंदीत सांगितलं म्हणे. मालकाला सुनेपर्यंत कळलं. अबू नासिर मात्र भडकले: मी रायफल विकत घेतलीय, लग्न नाही केलं! शेवटी मुदत ठरली. पुढच्या शुक्रवारी मैदानावर गोळी नीट लागली तर ठीक, नाही तर रायफल परत.

मेजरांकडे गाडी नाही. गाडी माझ्याकडे आहे. पुढचं सांगायला नको.

त्यांनी रायफलीचं काय काय केलं ते मला जाता जाता सगळं ऐकावं लागलं. नळी आतून पुसली, कारण कारखान्यातलं तेल तसंच होतं. लाकडी दस्त्याचे स्क्रू कमी-जास्त आवळलेले निघाले, ते सारखे केले. दुर्बिणीचे पट्टे ढिले होते, ते बसवले. मग नळी आणि दस्ता यांच्यामधून पाव दिनारची नोट सरकवून बघितली. एका जागी अडकली. "लाकूड नळीला टेकत हुतं, सायेब. गोळी सुटताना नळीला हालायला जागा नगो?" तिथलं लाकूड त्यांनी घासून काढलं. मी नुसता हं हं करत होतो. बाहेर धूळ उडत होती आणि घरी माझी सुट्टीची झोप वाया चालली होती.

मैदानावरचा नियम असा, की ज्याच्या नावावर परवाना, त्यानेच चाप ओढायचा. सारी हयात रायफलींत घालवलेला आमचा माणूस हात मागे बांधून उभा, आणि अबू नासिर धाड धाड उडवतायत.  शेवटी मेजरांना राहवेना. "शुवय शुवय, धीरे धीरे, बाबा! चाप ऐसे खींचो, जैसे बच्चे के हात से खिलौना लेते हैं!"

पहिली डबी सगळ्यात महागाच्या काडतुसांची होती. पुतण्याने सुचवली म्हणून अबू नासिर हट्टाने तीच वापरत होते. भोकं आता कागदभर नव्हती, पण अजून तळहाताएवढी पसरलेली. "बघितलंत?" अबू नासिर म्हणाले, "रायफलच खराब आहे."

"रायफल खराब न्हाई," मेजर माझ्याकडे बघून गरजले, जणू मीच म्हणालो होतो. "प्रत्येक नळीला आपली आपली गोळी आवडती. हिला ही आवडत न्हाई, एवढाच अर्थ! दुसरी देऊन बघा की!" हे सगळं हिंदीत सांगण्याचं काम माझं.

मग नळी गार होईपर्यंत थर्मासमधला चहा. अबू नासिर घड्याळ बघतायत, मी आकाश बघतोय, मेजर नळीवर हात ठेवून बसलेत. दुसरी डबी जड गोळ्यांची. दोन भोकं जवळ, तिसरं भलतीकडेच. अबू नासिर रायफल पेटीत ठेवायला लागले. "खलास. परत."

मेजरांनी पेटीचं झाकण धरलं. गिऱ्हाइकाच्या हातातलं झाकण!  नोकरी जायची वेळ. "एक डबी," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "बाबा, बस एक डबी. फिर 'बाद' बोलना."

तिसरी डबी सगळ्यात स्वस्त होती. दुकानातल्या मागच्या फळीवर पडून खोक्याचा रंग उडालेला. अबू नासिरांनी नाक मुरडलं, पण रायफल घेऊन पालथे झोपले. एक. थांबले. दोन. थांबले. तीन. मेजरांनी दुर्बिणीतून बघितलं आणि दुर्बीण माझ्या हातात दिली. तिन्ही भोकं एकमेकांना चिकटून, शंभर फिल्सच्या नाण्याखाली झाकली जातील अशी. याला मेजर 'टाइट ग्रुप' म्हणतात. अबू नासिर उठले, "माशाल्ला!" म्हणाले आणि त्यांनी मेजरांच्या कपाळाचा मुका घेतला.

मला वाटलं, आता परतीच्या वाटेवर हा माणूस माझे कान किटवणार.  पण ते नुसते तो भोकं पडलेला कागद मांडीवर घेऊन बसले होते. घराजवळचं फहाहीलचं वळण आलं तेव्हा बोलले.

"आमचा विक्रम भरतीला गेला हुता. पळताना मागं पडला. घरी आला, तवा सगळी भावकी बसलेली. मी त्यांच्या म्होरं म्हटलं, हा बाद माल. पोरानं ताट तसंच ठेवलं आणि गेला. आता साताऱ्यात केकचं दुकान काढलंय म्हणं. आईशी बोलतो. माझ्याशी न्हाई." कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "एकच डबी घालून बघितली हो मी, सायेब."

 इतके दिवस या माणसावर साठवलेला राग कुठे गेला कोण जाणे. मी उगीच एसी वाढवला.

घरी आल्यावर म्हणाले, "त्या दुकानाचा केक हितनं फोनवर मागवता येतो का?" येतो, मी म्हणालो. पत्ता साताऱ्यातल्याच त्यांच्या एका जुन्या फौजी दोस्ताचा सांगितला. "तीन मागवा. येगयेगळ्या दिवशी. आणि नाव तुमचं घाला. माझं बघून करील का न्हाई, काय सांगावं."

"मेजर, तीन केक कोण खाणार?" मी ओरडलो. सवय, दुसरं काय. पण मागवले.

तिसरा केक पोचला त्या दिवशी मेजर आमच्याकडे आले. फोन स्पीकरवर होता आणि दोस्त पलीकडून ओरडत होता, "आरं इंगवल्या, डॉक्टरनं साखर बंद केलीया माझी, तरी खाल्लं! तिन्ही सारखं. गुलाब बी सारखं. जराबी फरक न्हाई!"

"ग्रुप टाइट हाय," मेजर म्हणाले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा पुसला. बायकोने चहा आणून ठेवला, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आज ते खुर्ची उलटी न करताच बसले होते.

पहिल्याच कपाला म्हणाले, "चांगला झालाय, वहिनी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सायेब, आणखी एक मागवा. पत्ता माझ्या घरचा, गावचा. आणि या डावाला नाव माझं घाला."