हंपीची रंगीत तालीम

महिन्यातल्या एका रविवारी पहाटे मी निनाद पेडणेकर असते.

"निनाद?" असा पुकारा होतो. मी अर्धवट झोपेत, मान खाली घालून "हजर" म्हणते. पुकारणारे असतात आमच्या खालच्या मजल्यावरचे पेडणेकर काका. त्यांच्या गळ्यात शिट्टी असते. बदलापूरच्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीपाशी जी थोडी मोकळी जागा आहे, तिला ते 'असेंब्ली पॉइंट' म्हणतात. खरा निनाद, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, बेंगळुरूला असतो. तो इथे नसतो, म्हणून त्याच्या जागी मी असते.

काका अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्त होताना कारखान्याने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. शिट्टी त्यांनी स्वतःहून आणली. कारखान्यात आग लागली तर काय करायचं, याची ते आग न लागताच तालीम घ्यायचे. आता कारखाना उरला नाही, म्हणून ते ट्रिपची तालीम घेतात. विजापूर, बदामी, पट्टदकल, ऐहोळे आणि शेवटी हंपी, तेही स्वतःच्या गाडीने. मी कॉलेजला होते तेव्हापासून ही ट्रिप दर हिवाळ्यात निघणार आहे. मला नोकरी लागली, चष्म्याचा नंबर वाढला, आमच्या बिल्डिंगला दोनदा रंग लागला. ट्रिप अजून निघालेली नाही.

"ड्रिल नाही, तर ट्रिप नाही," असं काका म्हणतात. आणि त्याहून जास्त वेळा म्हणतात, "प्रत्यक्षात काय होईल, ते सांग."

मी यात सापडले ती लिफ्टमध्ये. काकांनी विचारलं, "रविवारी सकाळी काय करतेस?" मी खरं ते सांगितलं, की झोपते. "म्हणजे मोकळी आहेस," ते म्हणाले. आमच्या इंग्रजी शाळेत 'नो, थँक यू' कसं म्हणायचं ते नीट शिकवलं होतं. पेडणेकर काकांपुढे ते शिक्षण फुकट गेलं.

एकदा फक्त मी धीर करून विचारलं होतं, "काका, निनाददादा तर बेंगळुरूहून रात्रीच्या बसने थेट हंपीजवळ होस्पेटला येणार ना? मग बदलापूरपासून त्याच्या सीटवर मी कशाला?"

काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "होस्पेटनंतर गाडी मागून किती दबते, ते होस्पेटला गेल्यावर कळून काय उपयोग?"

त्यातही माझं वजन निनादपेक्षा बरंच कमी, म्हणून मांडीवर तांदळाची गोणी. पुढे काकू, डोक्याला मफलर आणि पायाशी थर्मास. अशा थाटात आमची गाडी पहाटे शिट्टी वाजवून निघते आणि अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी जाऊन थांबते. यातलं एकही गाव काकांनी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्या सगळ्यांचं काम अंबरनाथच्या देवळाला करावं लागतं. मी तिथे उभं राहून विरूपाक्ष पाहिलाय, बदामीच्या गुहा पाहिल्यात, गोल घुमटसुद्धा पाहिलाय. काळ्या दगडावरच्या त्या बारीक कोरीवकामाकडे बघायला सवड मात्र मिळत नाही. शेजारून वालधुनी नदीचा वास येत असतो आणि काका विचारत असतात, "आपण आता पट्टदकलला आहोत. चपला कोण सांभाळणार? प्रत्यक्षात काय होईल?"

काकू या सगळ्याकडे पाठ फिरवून पायऱ्या उतरतात आणि खाली गाभाऱ्यात जाऊन बसतात. त्यांच्यापुरतं ते अंबरनाथच असतं. हात जोडून त्या बराच वेळ काहीतरी मागत असतात. वर आल्या की काका म्हणतात, "तुझ्यामुळे ऐहोळेला उशीर झाला."

सगळ्यात वाईट ड्रिल माकडांचं. बदामीला माकडं फार आणि ती पर्स पळवतात, असं काकांच्या वाचनात आलं होतं. तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये काकू पर्यटक झाल्या आणि काका माकड. ते खांबाआडून आले आणि त्यांनी पर्सवर झडप घातली. इतक्यात वॉचमन धावत आला. "अरे साहब, आंटी को क्यों छेड़ रहे हो?" काका भूमिका सोडेनात. मग काकूंनी हातातली छत्री त्यांच्या पाठीत घातली. काका पाठ चोळत उठले आणि म्हणाले, "रिस्पॉन्स चांगला आहे. फक्त उशिरा आला."

"माझी पत्रिकाच तशी," काकू मला म्हणाल्या. "राहू, केतू आणि सेफ्टी."

एवढं करून ट्रिप रद्द होते, ती अगदी शेवटच्या आठवड्यात. मलाही न्यायचं ठरलेलं असल्याने मी रजा टाकलेली असते, ऑफिसात सगळ्यांना सांगून झालेलं असतं, आणि काका जाहीर करतात की जाता येणार नाही. एका वर्षी उजवा हेडलाइट डाव्यापेक्षा मंद आहे, असं त्यांना दिसलं. दुसऱ्या वर्षी क्लच 'शंकास्पद' होता. गेल्या वर्षी गाडीत पेट्रोलचा वास येत होता. तो त्यांच्याशिवाय कुणालाही आला नाही. दर वेळी काकू त्यांना आख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात झाडतात. काका टाकीपाशी मान खाली घालून उभे राहतात आणि ऐकून घेतात. वरच्या गॅलऱ्यांतून लोक हसतात. कधीकाळी मीही हसत होते. नंतर नंतर माझ्यात हसण्याचंही बळ उरलं नाही.

खरं तर सुरुवातीला ही ट्रिप वेरूळ, अजिंठा आणि मांडूची होती. निनादची बदली बेंगळुरूला झाली आणि एका रात्रीत आमचा सगळा इतिहास दक्षिणेला सरकला. त्याला फार लांब यावं लागू नये, दोनच दिवसांच्या रजेत त्याचं भागावं, अशा बेताने सगळं आखलं होतं. तो यायचा राहिला त्याला बरेच दिवाळी-गणपती झाले होते. फोन करायचा, पण फोनवर त्याला नेहमी घाई असायची.

या वर्षी मात्र लक्षणं वेगळी होती. खोल्या ठरल्या होत्या. काकूंनी बेसनाचे लाडू केले, चिवडा केला. मी डबे भरायला खाली गेले होते, तेव्हा झाकण लावता लावता त्या म्हणाल्या, "तुला म्हणून सांगते अदिती, मला ते दगड-बिगड काही बघायचे नाहीत. होस्पेटच्या स्टँडवर बसमधून उतरताना माझा मुलगा बघायचाय. तो बघितला की लगेच परत फिरलात तरी चालेल."

मी मान हलवली. मी पुढचा डबा भरायला घेतला.

निघायच्या आदल्या शनिवारी काका मला उल्हासनगरला घेऊन गेले. चौघांचं सामान डिकीत मावणार नव्हतं, म्हणून गाडीच्या टपावर कॅरिअर बसवायचा होता. कॅम्प दोनच्या एका गल्लीत गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. मालक सिंधी, पोट सांभाळत स्वतःच पाना घेऊन टपाशी उभा होता.

"देखो साईं, एकदम फिट. हम्पी क्या, लंका तक ले जाओ."

काकांनी खिशातून स्वतःचा पाना काढला आणि चारही बोल्ट एकेक करून तपासले. मग कॅरिअरला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. मालक माझ्याकडे बघून म्हणाला, "तेरे पापा को मेरे पे भरोसा नहीं है क्या?" मी म्हटलं, "किसी पे नहीं है." काका खुशीत होते. ते चक्क हसले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. काका फोन नेहमी स्पीकरवर टाकून हातभर लांब धरतात. त्यामुळे गल्लीच्या त्या गोंगाटातही मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, बोलू का दोन मिनिटं?"

"अरे बोल ना! आत्ताच कॅरिअर बसवला. तुझी ती मोठी बॅगसुद्धा राहील."

"बाबा, या वेळी पण नाही जमत. टीममधले दोघं सोडून गेले, सगळं माझ्यावर आलंय. मी खूप ट्राय केलं."

काकांनी मोकळा हात कॅरिअरच्या दांड्यावर ठेवला.

"आईला मी सांगू का? ती चिडेल, पण—"

"नको, नको," काका एकदम म्हणाले. "तू काही बोलू नकोस तिच्याशी. अरे, मीच तुला फोन करणार होतो. आमचंच काही खरं नाही. हा कॅरिअर फार वाजतोय बघ. असा घेऊन एवढ्या लांब जाता येणार नाही. सेफ्टी आहे ना शेवटी."

"अच्छा? मग बरंच झालं," निनाद म्हणाला. त्याचा आवाज मोकळा झाला होता. "म्हणजे, बरं असं नाही…"

"कळलं, कळलं. ठेव तू. काम कर."

काकांनी फोन खिशात घातला, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, आणि मालकाला म्हणाले, "सेठ, इसके दो बोल्ट ढीले कर दो."

"टाइट हैं साईं, आपने ही तो देखा."

"हां. ढीले करो."

मालकाने पाना खाली केला. "उमर निकल गई इस धंधे में. लोग टाइट कराने आते हैं. आप पहले आदमी हो."

"आवाज आना चाहिए."

"कितना आवाज?"

काकांनी क्षणभर विचार केला. "गैलरी तक सुनाई दे, इतना."

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी दुकानातल्या सीट कव्हरकडे पाहत राहिले. मग त्याने दोन बोल्ट सैल केले, कॅरिअर हलवून आवाज ऐकवला, आणि काकांनी मान डोलावली. तपासायला त्यांनी स्वतःचा पाना काही काढला नाही.

परत येताना काकांनी गाडी इतकी हळू चालवली, की रिक्षा आम्हाला मागे टाकून जात होत्या. टपावर खडखडाट चालला होता. काकांनी खिडकी खाली केली होती आणि उजवा हात बाहेर काढून ते कॅरिअरचा दांडा धरून बसले होते. तो निसटून कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून. अंबरनाथला एक रिक्षावाला ओरडला, "ओ काका, छप्पर उडतंय काय?" काकांनी नुसती मान हलवली.

मला वाटेत तो मंद हेडलाइट आठवला. क्लच आठवला. पेट्रोलचा वास आठवला.

बदलापूर आल्यावर ते समोर बघतच म्हणाले, "अदिती, तू काही ऐकलं नाहीस."

"नाही काका."

सोसायटीच्या गेटातून आम्ही खडखडत आत शिरलो, तेव्हा काकू गॅलरीतच होत्या. त्या लगबगीने खाली आल्या.

"कसला आवाज हा?"

"कॅरिअर," काका म्हणाले. "फेल आहे. अशा गाडीने मी कुणाला नेणार नाही. ट्रिप रद्द."

काकूंनी आधी टपाकडे पाहिलं. मग सुरू झाल्या. "अहो, लाज नाही वाटत? आयुष्यभर सेफ्टी, सेफ्टी! एक माणूस सुखाने कुठे गेला नाही तुमच्या पायी. तिकडे पोरगं वाट बघत असेल, आणि तुम्हाला एक खिळा वाजतो तो ऐकू येतो! कधी भेटायचं मी त्याला? मेल्यावर? तेव्हा तरी तिरडीचे बांबू तपासत बसू नका!"

वरच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. कुणीतरी हसलं. काका टाकीपाशी मान खाली घालून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर अपमान दिसेल असं मला वाटलं होतं. दिसली ती एक थकलेली, जड सुटका, हातातलं काम नीट पार पडल्यासारखी.

काकू माझ्याकडे वळल्या. "तू सांग गं. तू होतीस ना गाडीत? एवढं वाजतंय का ते, की जाताच येऊ नये?"

सगळी बिल्डिंग माझ्याकडे बघत होती. मला असं कुणी बघितलेलं सहन होत नाही.

"हो काकू," मी म्हणाले. "फार वाजतं. काकांचं बरोबर आहे."

काकूंच्या अंगातलं वारं गेलं. त्या पायरीवर बसल्या. पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मग निनादला लगेच कळवा तरी. बिचाऱ्याने रजा टाकली असेल. तुमच्यामुळे ती पण वाया."

"कळवतो," काका म्हणाले.

ते चार पावलं बाजूला, माझ्या जवळ आले आणि फोन कानाला लावला. स्पीकर नव्हता. "हॅलो, निनाद? बाबा बोलतोय. सॉरी रे, या वर्षीही माझ्यामुळेच राहिलं." ते मधे थांबत होते, ऐकत होते, पुन्हा बोलत होते. मला त्यांचा फोन दिसत होता. त्यांनी कुठलाही नंबर लावलेला नव्हता.

"त्याला विचारा, जेवला का," काकू पायरीवरून म्हणाल्या.

"आई विचारतेय, जेवलास का?" काकांनी विचारलं. मग जरा थांबून त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"हो म्हणतोय," ते म्हणाले. "आत्ताच जेवला."