व्हॉलीबॉल आणि गफूरचाचांची गादी

गफूरचाचांना तुम्ही पहिल्यांदा भेटलात, तर ते तुमचं नाव विचारणार नाहीत. आधी डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवतील आणि म्हणतील, "तुमाले सहा बाय तीन लय झाली." अकोल्यात आमच्या शाळेच्या फाटकासमोर त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. माझ्या लग्नात स्टेजवर आले, तेव्हाही बायकोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहून म्हणाले, "दोघाइले सहा बाय पाच पुरते." सगळा मांडव हसला.

मी त्या शाळेतला खेळाचा मास्तर. एका वर्षी बातमी आली की मोठ्या स्पर्धा भरवणाऱ्या शहरांना सरकार अनुदान देणार. झालं, गावानं ठरवलं, व्हॉलीबॉलची राष्ट्रीय स्पर्धा अकोल्यात आणायचीच. सभा भरली, तर चाचा पहिल्या रांगेत! मला नवल वाटलं, कारण या माणसाला व्हॉलीबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मैदानावरच्या जाळीला ते अजून मच्छरदाणी म्हणतात.

सभेत एकजण तडकला, "कापसाले भाव नाई, खेड्यातले लोकं रडून राहिले, अन् तुमाले बॉल सुचून राहिला?"

प्रश्न काही खोटा नव्हता. चाचा उठले.

"भाऊ, ते खेळाडू झोपतीन कशावर? सरकारच्या पैशातून गाद्या इथंच भरा. बार्शीटाकळीकडं ज्याच्या घरात कापूस पडून हाय, त्याचाच घ्या. अन् येक सांगतो, गड्याइचे पाय बाहेर नाई आले पायजे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण पुढं हे पालुपद मला छळायला लागलं. मी उखडलेलं मैदान सपाट करण्याच्या विवंचनेत, आणि हे येऊन विचारणार, "मास्तर, सर्वात लंबा गडी केवढा असते?" एकदा माझं डोकं फिरलं. "अहो चाचा, तुमाले काय करा लागते त्याच्याशी?"

चाचा सुईत दोरा ओवत होते. ओवून झाल्यावर हळूच म्हणाले, "आमचा सलीम येईन न."

सलीम त्यांचा एकुलता मुलगा. माझ्याच हाताखाली खेळायला शिकला. दुकानात बसायचं की खेळत हिंडायचं, यावरून बापलेकांचं वाजलं. चाचा रागात म्हणाले, "जाय, परत येऊ नोको," आणि पोरगा खरंच गेला, तो इतक्या वर्षांत परतला नाही. दूर दक्षिणेत नोकरीला लागला, तिथल्याच संघातून खेळायला लागला. ईदच्या ईदला फोन करायचा. तब्येत विचारून दोघं फोन ठेवायचे.

"मंग बोलवा न त्याले," मी म्हणालो.

"मी कावून बोलावू? अन् तो कावून येईन? पण सरकारनं बोलावलं त कोनाचीच मान खाली जात नाई, मास्तर."

तोवर मला स्पर्धा मैदानासाठी हवी होती, आता ती चाचांसाठी हवी झाली.

पाहणीला दिल्लीचे साहेब आले. ताडमाड उंच, कडक इस्त्री, चेहराही इस्त्री केलेला. मैदानाचा एक कोपरा अजून उखडलेलाच होता. आणि आमच्या लोकांनी काय करावं? पाहणीच्या आधीच साहेबांना जेवायला बसवलं! रोडगे, वरण, वांग्याची भाजी, वरून तुपाची धार. साहेब नको म्हणायचे, की आणखी एक रोडगा पानात. शेवटी त्यांना उठवेना. चाचांनी माप आधीच डोळ्यांनी घेतलं होतं. एका वर्गात लांब गादी अंथरून म्हणाले, "साब, येक मिनिट पीठ तो टेको."

साहेबांनी पाठ टेकली, ते चहाच्या वेळेला उठले. तोवर मी मजूर लावून मैदानाचा कोपरा बुजवून घेतला. उठल्यावर साहेब आधी आपल्या पायांकडे पाहत राहिले. "बहुत दिन बाद पाँव सीधे करके सोया," म्हणाले. मग मैदान पाहिलं, मान हलवली. अनुदान मंजूर झालं.

स्पर्धा आली आणि संघाबरोबर सलीमही आला. चाचा फाटकातच उभे होते. मिठी नाही, काही नाही. डोक्यापासून पायापर्यंत फक्त एकदा नजर फिरवली, तीही भिजलेली. मग दुकानात गेले, एक गुंडाळलेली गादी स्वतः डोक्यावर घेऊन आले आणि खेळाडू उतरले होते त्या वर्गात सलीमच्या जागेवर अंथरली.

सलीम आडवा झाला. त्याच्या पायांपुढं चांगली हातभर गादी उरली.

मी वाकून पाहिलं. पायाकडच्या बाजूनं गादीला पट्ट्या जोडलेल्या होत्या. प्रत्येक पट्टीचं कापड निराळं, काही विटलेलं, काही कोरं. घर सोडलं तेव्हा पोरगा वाढत्या वयाचा होता, आणि फोनवर काही उंची दिसत नाही. चाचा दर वर्षी आपल्या अंदाजानं गादी वाढवत गेले होते.

"अब्बा, हे त लय मोठी झाली," सलीम म्हणाला. त्याच्या मिशीत आता पांढरे केस दिसत होते.

चाचांनी त्याच्या पायांवर चादर ओढली.

"राहू दे, बेटा. अजून वाढशीन."