सेतुमामांचा चालता फराळ

सेतुमामांच्या पानात इडली वाढली की ते आधी तिचे दोन तुकडे करतात, आत पाहतात, वास घेतात आणि मगच तिला इडली मानतात. वडा आला की फोडला. पोळी आली की पापुद्रा उचलून पुरणाची चौकशी. एका गणेशचतुर्थीला आमच्या घरचे मोदक त्यांनी चारचौघांदेखत एकेक करून उघडले होते. माझ्या सासूबाई तेव्हापासून त्यांच्या पानात नुसतं सारण वाढायच्या.

"आंत काय की!" हे त्यांचं पालुपद. बंद डबा दिसो, पडद्याची गाडी दिसो, की जास्त हसणारा माणूस दिसो, मामा मान तिरकी करून म्हणणार, "वरून बरें दिसतें. आंत काय की!"

ते मुन्सफ कोर्टात शिरस्तेदार होते. जन्मभर खोट्या साक्षी ऐकून त्यांना ही खोड लागली, असं आमचे हे म्हणतात. हे इथे कुंभकोणमच्या कॉलेजात इतिहास शिकवतात, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला यांच्यापाशी कारण असतं. सासूबाई वेगळंच सांगायच्या. मामी तिरुभुवनमला एका लग्नात जेवून आल्या आणि पटकीने गेल्या. त्यांचा पांडू तेव्हा रांगत होता. मग मामांनी मुलाला एकट्याने वाढवलं, आणि फोडून पाहिल्याशिवाय एकही वस्तू त्याच्या हातात दिली नाही.

आमच्या दोन घरांच्या परसात एकच भिंत आहे, बुटकी. त्या भिंतीवरून मला जे दिसतं ते मी मुद्दाम पाहत नाही. पण भांडी घासायला मी त्याच बाजूला बसते, हे खरं.

पांडू लढाईत सप्लाय खात्यात कारकून होता, आसामकडे. गेल्या वर्षी रजेवर आला तेव्हा पहिल्याच जेवणात, पंक्तीत बसल्या बसल्या त्याने सांगून टाकलं की तिकडे अमेरिकन पलटणीच्या भटारखान्यात त्याने हँबर्गर नावाचा पदार्थ खाल्ला. गोल पाव आडवा चिरायचा, मधे खिम्याची भाजलेली वडी घालायची, वर पाव झाकायचा. मामांचा हात सांबाराच्या भातात तसाच राहिला.

"खिमा कसला?"

"विचारलें नाहीं, अप्पा. भूक लागली होती."

"उघडून पाहिलास?"

"नाहीं."

मला वाटतं, मांसापेक्षा हे न पाहणंच मामांना जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी पांडूचं पान पंक्तीत नव्हतं, बाहेर ओट्यावर मांडलं होतं. प्रायश्चित्त घे, पंचगव्य घे, मग आत ये, असं मामांचं म्हणणं. पांडूचं म्हणणं, मी चोरून खाल्लं नाही, घरी येऊन सांगितलं, त्याचं प्रायश्चित्त कसलं? तो ओट्यावर मुकाट्याने जेवला आणि रजा संपायच्या आतच निघून गेला. त्यानंतर बापलेकांत शब्द नाही. दोघंही एकाच मातीचे, एकदा बोलले की बोलले.

लढाई संपली. पांडूबरोबरचा एक मुलगा लढाईच्या नोकरीतून सुटून आला आणि त्याने आमच्या ओट्यावर बसून बातमी सांगितली. पांडू सुटतोय. मद्रासेत त्याने नोकरी पाहिली आहे. कुंभकोणमला येणार तो फक्त ट्रंक न्यायला, सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परत. नंतर इकडे येण्याचं काही खरं दिसत नाही. मामा खांबाला टेकून ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "रुक्मे, कॉफी पाणचट झाली आज. दूधवाल्यावर नजर ठेव."

माझी नजर मात्र त्या दिवसापासून मामांवर बसली.

कारण दुसऱ्याच दिवशी ते यांच्याकडे आले आणि विचारू लागले, तो हँबर्गर मूळचा कुठला? यांना असा प्रश्न म्हणजे मेजवानीच. यांनी सांगितलं, जर्मनीत हँबुर्ग नावाचं बंदर आहे, तिथून खिम्याची ती रीत खलाशांबरोबर अमेरिकेला गेली.

"जर्मनी?" मामा ताठ झाले. "शत्रूचें खाणें? आणि सरकारचे दोस्त तें खातात? सरकारास ठाऊक आहे हें?"

"मागच्या लढाईत अमेरिकनांनी त्याचं नाव बदललं होतं म्हणे."

"पाहा! सज्जन मनुष्य नांव काय म्हणून बदलेल?"

मग पाव कुठून आला, तर अमेरिकेतल्या जत्रांत. लोकांना हिंडताना खाता यावं म्हणून कोणीतरी ती वडी पावात घातली. कोणी ते नक्की ठाऊक नाही, प्रत्येक गाव आपलंच नाव सांगतं.

"चालत खायचें?" मामांचा विश्वासच बसेना. "बसून कां नाहीं? मागें कोण लागला होता त्यांच्या?"

"कोणी नाही, मामा. ताट नाही, पान नाही, बसायला जागा नाही. हातात घ्यायचं आणि चालायचं."

यावर मामा उठले आणि तडक घरी गेले. सेतुमामांनी उलटतपासणी अर्धी सोडलेली मी तोवर पाहिली नव्हती.

त्यानंतर ते बेकरीत दिसू लागले. आता आमच्याकडे पाव म्हणजे तापाचं पथ्य. डॉक्टरांनी सांगितलं तर दुधात बुडवून खायचा, आणि कोणी खाताना दिसलं तर शेजाऱ्यांनी विचारपूस करायची. मामा हिंडतफिरत ठणठणीत, आणि हातात बनपाव. मी विचारलं तर कपाळाला हात लावून म्हणाले, "ज्वर आहे थोडा." मी भिंतीवरून हात घालून कपाळ पाहिलं. माझ्या कपाळापेक्षा गार होतं.

बेकरीच्या भाईने मला वेगळीच कथा सांगितली, तमिळमध्ये आणि कपाळावर हात मारून. मामा रोज भट्टीसमोर बाक टाकून बसतात. पिठात ताडी घालता का, पायांनी मळता का, मळणाऱ्याने नखं काढली आहेत का, सगळं विचारतात. शेवटी भाई वैतागला आणि मळलेल्या पिठाचा गोळा त्याने त्यांना देऊन टाकला, घरी नेऊन काय ती चौकशी करा म्हणाला.

तो गोळा मामांनी पातेल्यात झाकून ठेवला. दुपारी भिंतीपलीकडून हाक आली, "रुक्मे! धावून ये!"

झाकण वर उचललं गेलं होतं आणि पीठ काठाबाहेर आलं होतं.

"कोणी शिवलें नाहीं. मग फुगलें कशानें? जिवंत आहे हें!"

"मामा, आपलं इडलीचं पीठ नाही का फुगत?"

मामांनी पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तें आपलें पीठ. त्याचा स्वभाव मज ठाऊक आहे."

पुढे केळफुलाच्या वड्यांचा वास येऊ लागला, भलत्या वेळी, रोज. मामा स्वतःच स्वयंपाक करतात, पण एकट्यासाठी इतके वडे? त्यांची चूल दिसावी म्हणून मी सासूबाईंच्या जुन्या स्टुलावर चढून पाहिलं. मामा ओलं सोवळं नेसून चुलीपाशी बसले होते, एका हातात बन, दुसऱ्या हातात वडा, आणि सुताने दोघांची मापं घेत होते. वडा मोठा झाला होता. त्यांनी तो ताटलीत ठेवला आणि नवा थापला.

त्याहून पुढचं पाहून तर मी स्टुलावरून पडणारच होते. मामांनी वडा बनमध्ये घातला, वर डांगराची पच्चडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, लावली, बन बंद केला, उघडला, पाहिला, पुन्हा बंद केला. मग परसात आले आणि तुळशीभोवती चालत चालत खाऊ लागले. जन्मात कधी पानाशिवाय न जेवलेला माणूस! प्रदक्षिणा घालतायत की फराळ करतायत, तुळशीलाही कळलं नसावं. वडा दोनदा निसटून पडला. मामा दर वेळी इकडेतिकडे पाहत, आणि मी दर वेळी खाली वाकत होते.

मी यांना सांगितलं, म्हातारपणी मामांना चळ लागला. हे म्हणाले, प्रयोग चालले असतील. कसले प्रयोग, ते यांना सांगता येईना. आमच्या आळीत तर मामा पाद्र्यांकडे जाणार इथवर बोललं गेलं, आणि ते मीच बोलले होते.

पांडू आला तो जटका, म्हणजे भाड्याची घोडागाडी, दारातच उभा ठेवून. संध्याकाळपर्यंत थांब, मग स्टेशनवर ने, म्हणाला. ट्रंक आतून आणून त्याने ओट्यावर ठेवली. जेवणाची वेळ झाली तेव्हा तो आपणहून ओट्यावरच बसला, कुठे बसू म्हणून विचारायचीही वेळ येऊ दिली नाही त्याने. आमच्या ओट्यावरून मला सगळं दिसत होतं.

मामा दारात आले. पान मांडलं नव्हतं. आत नाही, ओट्यावरही नाही.

"पांडू, परसांत ये."

पांडू संशयाने उठला. त्या घरात संशय कोणाकडून शिकायचा हा प्रश्न नव्हता. मी आमच्या घरातून भिंतीपाशी धावले, भांडी स्वच्छ होती तरी. परसात मामांनी केळीच्या पानाच्या तुकड्यातून दोन बन काढले. पांडू पाहतच राहिला.

"हें काय, अप्पा?"

"तुझें तेंच. आंत केळफूल आहे. जर्मन कांहीं नाहीं."

"आणि प्रायश्चित्त? पंक्त?"

मामा तुळशीकडे पाहत बोलले, पांडूकडे नाही. "पंक्त बसणारांची. हें चालत खायचें असतें. ताट नाहीं, पान नाहीं. रुक्मीच्या नवऱ्यास विचार, शिकलेला आहे तो. चालणारांस पंक्त कोठली रे?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी यांच्यापुढून ते अर्ध्यातच का उठले, हेही कळलं. बोललेला शब्द मागे घेणं त्यांना जमणार नव्हतं. मुलाने नमावं हेही होणार नव्हतं. म्हणून म्हातारा शब्द न मोडता मुलाच्या शेजारी जेवायची वाट शोधत होता, थेट अमेरिकेच्या जत्रेपर्यंत जाऊन.

पांडूने हात पुढे केला. मामांनी बन दिला नाही. आधी तो उघडला, आतला वडा बोटाने उचलून पाहिला, वास घेतला. पीठ त्यांच्यासमोर मळलेलं, वडा त्यांनीच तळलेला, पच्चडी त्यांचीच. तरी त्यांनी नीट पाहून घेतलं, मग बंद केला आणि पांडूच्या हातात ठेवला. पांडू तोवर लहान मुलासारखा हात पसरून उभा होता. त्याला सवय होती.

मग दोघं चालू लागले. पुढे मामा, मागे पांडू.

"किती फेरे घालायचे, अप्पा?"

"तुझें संपेतों."

पांडूने इतका छोटा घास घेतला की मुंगीलाही पुरला नसता. मामांनी त्याहून छोटा घेतला. मला रडू आवरेना आणि हसूही, पदर तोंडात कोंबून मी तिथून निघाले, कारण दारात जटकावाला घोड्याच्या नावाने ओरडायला लागला होता.

मी त्याला म्हटलं, तू जा बाबा, आज गाडीला कोणी येत नाही.

त्याने ओट्यावरच्या ट्रंकेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, डोळे बारीक करून. "कोणी सांगितलं?"

"आतून निरोप आलाय," मी म्हटलं. आतून कोणीही काही म्हटलं नव्हतं.