लिमये बाईंची सोनल

लिमये बाई नव्या माणसाचा चेहरा नंतर बघतात, आधी मान बघतात. डोंबिवलीतल्या या बिल्डिंगमध्ये मी राहायला आलेलो, त्याच दिवशी जिन्यात त्यांनी मला थांबवलं. चष्मा नाकावर खाली ओढून माझ्या मानेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मान चांगली आहे. पाय मात्र कच्चे. कुठल्या वजनात खेळलात?"

मी म्हटलं, "मी इन्शुरन्समध्ये आहे."

"असू दे, असू दे," बाई म्हणाल्या. आवाजात खरीखुरी सहानुभूती होती.

बाई कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. अंगाने काटकुळ्या, साडी कडक इस्त्रीची. स्वतः कधी फुगडीसुद्धा घातली नसावी. पण मुलींचा कुस्तीचा संघ बाहेरगावी निघाला की सोबत कुणी शिक्षिका लागायची, आणि स्टाफरूममधल्या बाकीच्यांच्या घरी नेमकं तेव्हाच काहीतरी निघायचं. बाईंच्या घरी त्या एकट्याच. त्यामुळे दरवेळी पाठवणी त्यांची. पहिल्या खेपेला त्या मॅटच्या कडेला बसून पेपर तपासत होत्या. सहज मान वर केली, तर एक मुलगी दुसरीला खांद्यावरून फेकत होती.

"पुढचे पेपर कसे तपासले ते आठवत नाही," बाई सांगतात. "सगळे पास झाले एवढं खरं."

रिटायर झाल्या तरी कॉलेजांच्या कुस्त्या सुटल्या नाहीत. एका लग्नात नवरदेवाला अक्षता टाकून झाल्यावर त्या माझ्या कानात म्हणाल्या होत्या, "बचाव बरा आहे, आक्रमण शून्य."

संध्याकाळी बिल्डिंगखालच्या बाकावर त्यांचा वाद चालतो तो म्हात्रे अण्णांशी. आमची बिल्डिंग अण्णांच्या भातशेतीवर उभी आहे, त्यामुळे बाकाची मधली जागा त्यांची. तरुणपणी जत्रांमधल्या कुस्त्या मारलेला माणूस. एक कान अजून चुरगळलेला आहे. यंदा दोघांच्या वादाचा विषय एकच होता. सोनल. टिटवाळ्याहून कल्याणच्या कॉलेजात येणारी, सत्तावन्न किलोंत खेळणारी मुलगी.

"आमची सोनल युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये जाणार," बाई म्हणायच्या.

"नाय जायाची. पट काढताना, पाय धराला शिरताना, डोका खाली घालते. समोरची पाठीवर बसंल."

"निरीक्षण आधी, निष्कर्ष नंतर, अण्णा! तिचा वेग पाहिलात?"

"येग काय कराचाय, बाई? आमी मातीन खेललो, आमाला..."

"माती सोडा हो. आता मॅट आहे."

मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण हळूहळू ऑफिसातून येताना मीच विचारायला लागलो, सोनलचं काय झालं? बाई सांगायच्या. ती डाव्या गुडघ्याला पट्टी का बांधते, जिंकली की आधी समोरच्या मुलीला हात देऊन कशी उठवते, हरली की कशी एकटी जाऊन बसते. बाईंची लाडकी विद्यार्थिनी असणार, असं मी धरून चाललेलो.

फायनल जिंकेल ती टीममध्ये जाणार होती. त्या दिवशी अण्णांच्या मोठ्या गाडीतून आम्ही तिघं कल्याणला गेलो. पुढे खुर्च्या रिकाम्या असताना बाई सगळ्यात मागच्या, वरच्या रांगेत जाऊन बसल्या.

सोनल मॅटवर आली तेव्हा मी म्हटलं, "बाई, हात तरी करा तिला."

"कशाला? ती मला ओळखत नाही."

अण्णांनीसुद्धा वळून पाहिलं. "म्हंजी? तुमची पोर नं ती?"

"मी रिटायर झाल्यावर आली ती. आणि तिचं कॉलेजही माझं नाही," बाई मॅटवरची नजर न हलवता म्हणाल्या. "ओळख झाली की आपण बघतोय हे तिला कळणार. सत्तावन्न किलोंच्या वर अजून वजन कशाला?"

कुस्ती सुरू झाली. शेवटच्या मिनिटापर्यंत सोनल एका गुणाने पुढे होती. नुसती उभी राहिली असती तरी जिंकली असती. पण ती पट काढायला शिरली, डोकं खाली गेलं, समोरची झपकन तिच्या पाठीवर आली, आणि दोन गुण गेले. शिट्टी वाजली. टीममध्ये दुसरी मुलगी गेली.

अण्णा बरोबर ठरले होते.

बाहेर आलो तर सोनल पायऱ्यांवर एकटी बसलेली, टॉवेल डोक्यावरून ओढून. बाई तिच्यापाशी थांबल्या. आता डोकं वर ठेवण्याबद्दल व्याख्यान होणार म्हणून मी धास्तावलो.

"बाळ," बाई म्हणाल्या, "मला जरा खाली सोडतेस? या पायऱ्या मला उतरवत नाहीत."

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि भाजीच्या पिशव्या घेऊन चढ-उतार करतात. मी पुढे व्हायला लागलो तर अण्णांनी माझी बाही धरली.

सोनलने टॉवेलने तोंड पुसलं आणि उठली. "हात द्या आजी. सावकाश हां." दोघी उतरू लागल्या. बाई प्रत्येक पायरीवर उगाच थांबत होत्या, आणि ती मुलगीही न कंटाळता थांबत होती.

खाली पोचल्यावर तिने विचारलं, "कुणाची कुस्ती बघायला आलेलात?"

"अशीच. सगळ्यांची," बाई म्हणाल्या. मग हात न सोडता, "पुढच्या वर्षी असशील ना तू?"

सोनलने टॉवेल खांद्यावर टाकला. "असेन," ती म्हणाली.

परतताना गाडीत कुणीच वाद घातला नाही. पत्रीपूल ओलांडल्यावर बाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "हात गार पडला होता हो तिचा."

अण्णांनी एसी बंद केला.