रकाना क्रमांक चौदा

"सगळं माझ्यावर सोड," ताई चिमणला म्हणाली. "तीन आठवडे, दोन माणसं, एक तक्ता. चूक व्हायला जागाच नाही!"

आणि खरंच, तक्त्यात जागा नव्हती. उभे रकाने अकरा, आडव्या ओळी एकवीस, सगळं पट्टीने आखलेलं. ताई वजनं तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत कामाला होती. दुकानांतली, कारखान्यांतली वजनं तिच्याकडे येत आणि ताई ती चिमट्याने उचलून तराजूत ठेवी. चिमट्यानेच, कारण बोटाचा नुसता ठसा उमटला तरी वजन बदलतं. त्या खोलीत पंखा नव्हता, खिडकी उघडायची सोय नव्हती, आणि मोजमाप चालू असताना कुणी आत यायचं नाही असा नियम होता. माणसाच्या अंगाच्या उबेनेसुद्धा काटा हलतो! चौदा वर्षांत ताईच्या खोलीतला काटा एकदाही विनाकारण हलला नव्हता. हलवायला कुणी आलंच नव्हतं.

तिचं स्वतःचं वजन एकशे अठरा किलो. त्याला चिमटा पुरत नव्हता.

चिमण तिचा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हा चिमणीएवढा होता म्हणून चिमण. आता वय एक्केचाळीस, वजन एकशे चौतीस, धंदा लिफ्टदुरुस्तीचा. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये चिमण आणि त्याची अवजारांची पेटी शिरली की दारातली माणसं हसून म्हणत, "तुम्ही व्हा पुढे, आम्ही जिन्याने येतो." तोही हसे. मग एकटाच वर जाई.

दोघं एकाच शहरात, दोन टोकांना, आपापल्या घरात एकेकटे राहत. वर्षातून दोनदा भेटत, आणि दोन्ही वेळा कुणीतरी वारलेलं असे. यंदा मात्र कुणी न वारता भेट झाली. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी ताई गुपचूप एका डॉक्टरांकडे गेली, तर प्रतीक्षाखोलीत कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या अडवून चिमण बसलेला!

"तू इथे?" ताई किंचाळली.

"मी... लिफ्ट बघायला आलोय."

"दवाखाना तळमजल्यावर आहे, चिमण."

चिमणने छताकडे पाहिलं. मग हातातल्या फाइलीकडे. मग ताईच्या हातातल्या तशाच फाइलीकडे. "आणि तू काय वजनं तपासायला आलीस?" तो म्हणाला, आणि दोघं इतकी हसली, इतकी हसली, की कोपऱ्यातली तिसरी खुर्ची मोडली.

तिथेच ठरलं. एकच दिवस, एकच डॉक्टर, सोबतीने जायचं. एकट्याने जायची भीती वाटत होती हे दोघांपैकी कुणी बोललं नाही. पण चिमण घरी पोचेपर्यंत ताईने तक्ता आखून ठेवला होता.

डॉक्टरांची अट सोपी होती. तीन आठवडे फक्त पातळ खाणं, म्हणजे प्यायचंच, आणि सहा किलो कमी करून दाखवायचे. यकृतातली चरबी उतरली की ते आकसतं आणि मागचं पोट डॉक्टरांना नीट दिसतं. ताईने हे चिमणला आकृती काढून समजावलं. चिमण म्हणाला, "यकृताला म्हणावं आकस बाबा, पण मला चावायला काहीतरी दे!"

रोज संध्याकाळी तो ताईकडे येऊ लागला. दोघं समोरासमोर बसून मोजपात्रातून दवाखान्याने दिलेली भुकटी कालवलेली पेज पीत. चव भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी होती. पाचव्या दिवशी टीव्हीवर बिस्किटांची जाहिरात लागली, तर चिमण उठून टीव्हीजवळ जाऊन उभा राहिला.

"काय करतोयस?"

"वास येतोय का बघतोय."

सहा वाजता दवाखान्यातल्या समन्वयक बाईंचा त्यांच्या मोबाइलवरून फोन येई. दोघांच्या तयारीवर देखरेख करणं हे त्यांचं काम. आधी ताईला, मग चिमणला. "पाणी किती झालं? चक्कर वगैरे? आणि मन कसं आहे?" त्यांच्या छापील कागदावरचे हे तीन प्रश्न होते. पण ताई पावणेसहालाच केस नीट करून बसायची. फोनवर केस दिसत नाहीत हे तिला विज्ञानाच्या पदवीमुळे माहीत होतं. तरीही. 'मन कसं आहे' हे याआधी कुणी कधी विचारलं होतं, याची तिच्याकडे नोंद नव्हती, आणि ताईकडे बहुतेक गोष्टींची नोंद असे.

पंधराव्या दिवशी ताई सहा किलो तीनशे ग्रॅमने उतरली होती, चिमण सात किलो शंभरने. ऐटीत दोघं तपासणीला गेली. समन्वयक बाईंनी दोन अर्ज पुढ्यात घेतले आणि त्यांचं पेन रकाना क्रमांक चौदावर येऊन थांबलं.

"शस्त्रक्रियेनंतर अठ्ठेचाळीस तास सोबत राहणारी व्यक्ती," त्यांनी वाचलं. "ताई, तुमच्या सोबत कोण?"

"हा," ताई म्हणाली.

"आणि तुमच्या?"

"ही," चिमण म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दोघांची शस्त्रक्रिया एकाच दिवशी आहे ना?"

"एकाच सकाळी!" चिमण कौतुकाने म्हणाला.

"म्हणजे तुम्ही भूल दिलेल्या अवस्थेत उठून यांना चमच्याने पाणी पाजणार, आणि मग या उठून तुम्हाला?"

"आलटून पालटून," चिमण म्हणाला. नंतर त्याचा आवाज जरा खाली आला. "जमणार नाही का?"

एकवीस ओळींचा तक्ता ताईच्या डोळ्यांसमोरून सरकला. त्यात पाणी होतं, पेज होती, चालण्याची मिनिटं होती. माणसाचा रकाना नव्हता!

"शुक्रवारपर्यंत दोन नावं द्या," बाई म्हणाल्या. "नाहीतर एकाचीच करू, दुसरा सोबत राहील. दुसऱ्याला पुढची तारीख पाच महिन्यांनी."

पाच महिने! ताईने चिमणकडे पाहिलं. याला मागे ठेवला तर हा पुन्हा येणार नाही. टीव्हीतलं बिस्कीट काढून खाईल. चिमणही ताईकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर नेमकं हेच होतं.

"दोन कशाला, दहा नावं देते!" ताई म्हणाली. "ऑफिसात कुणालाही सांगितलं तरी धावत येतील."

"माझ्या फोनमध्ये चारशे नंबर आहेत," चिमण म्हणाला. "कुणाला नाही म्हणायचं हाच प्रश्न."

दुसऱ्या दिवशी ताई विभागप्रमुखांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. चौदा वर्षांत ती आपण होऊन पहिल्यांदाच आली होती, त्यामुळे साहेब घाबरले.

"काय झालं? तराजू बिघडला?"

"नाही सर. मला दोन दिवसांसाठी... म्हणजे तुमच्या मिसेसना जर..." ताईला कळेना की वाक्य कुठून धरावं. "...तुमचं स्टेपलर मिळेल का?"

स्टेपलर घेऊन ती परत आली. तिचं स्वतःचं स्टेपलर टेबलावरच होतं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ती थोडा वेळ बघत बसली.

संध्याकाळी तिने समोरच्या घराची बेल वाजवली. समोरच्या काकूंशी अकरा वर्षांचा शेजार, आणि अकरा वर्षांतलं संभाषण एकच: "तुमच्याकडे लाइट आहे का?" काकूंनी दार उघडलं. ताईने तोंड उघडलं. तोंडातून सवयीने बाहेर पडलं, "तुमच्याकडे लाइट आहे का?"

काकूंच्या डोक्यावर शंभर वॉटचा दिवा जळत होता. ताईच्या मागे तिच्याही घरातला जळत होता. काकूंनी एकदा या दिव्याकडे पाहिलं, एकदा त्या.

"तुमच्याकडे नाही?" काकूंनी काळजीने विचारलं.

"आहे. म्हणजे जातो मधूनमधून."

अर्ध्या तासात काकूंनी पाठवलेला वायरमन दारात हजर! त्याने मेन स्विच पाडला, फळी उघडली, सगळ्या वायरी बाहेर काढल्या आणि अंधारात विचारलं, "ताई, बिघाड काय आहे नक्की?"

"बिघाड नाहीये," ताई अंधारातून म्हणाली. अंधारात बोलणं तिला सोपं गेलं. "माझी शस्त्रक्रिया आहे. दवाखान्यात सोबत बसायला माणूस हवाय."

पक्कड खाली ठेवल्याचा आवाज आला. मग वायरमन हळूच म्हणाला, "ते आमच्याकडे येत नाही, ताई." आणि त्याने फार काळजीपूर्वक सगळ्या वायरी होत्या तशा आत बसवल्या.

चिमण आला तेव्हा ताईने विचारलं, "मिळालं का कुणी?"

"कधीच! तुला?"

"हो, हो. कालच."

नंतर तो हात धुवायला गेला तेव्हा त्याचा फोन टेबलावर उघडा राहिला होता. 'लिफ्ट पांढरी बिल्डिंग.' 'लिफ्ट दार अडकतं.' 'लिफ्ट चौथा मजला थांबत नाही.' चारशे नंबर होते, हे खरं होतं. ताईने फोन पालथा ठेवला आणि त्याच्या मोजपात्रात आपल्या वाट्याची शंभर मिलिलिटर पेज ओतली.

शुक्रवार उजाडला. दोघांनी घडी घातलेले कागद बाईंच्या टेबलावर ठेवले. ताईने कागदावर 'ओळखीच्या बाई' एवढंच लिहून खाली एक नंबर दिला होता. त्या नंबरवाल्या बाईंना ती आजच, इथेच, धीर करून विचारणार होती. पण चिमणसमोर जीभ उचलेना.

"छान," बाई म्हणाल्या. "नंबर बरोबर आहे का तेवढं बघते. नियम आहे." त्यांनी टेबलावरच्या फोनवरून ताईने दिलेला नंबर फिरवला.

बाईंच्या खणात काहीतरी वाजू लागलं.

"एक मिनिट हं," बाई म्हणाल्या. खण उघडून त्यांनी स्वतःचा मोबाइल कानाला लावला. "हॅलो?"

टेबलावरच्या फोनमधून त्यांचाच आवाज आला, "हॅलो?"

"कोण बोलतंय?" बाईंनी विचारलं, आणि दुसऱ्या कानात त्यांनाच तो प्रश्न ऐकू आला. मग त्यांनी सावकाश दोन्ही फोन खाली ठेवले आणि ताईकडे पाहिलं.

"तुम्ही रोज विचारता ना," ताई जमिनीकडे बघत म्हणाली, "म्हणून वाटलं..."

चिमण हसणार, अशी तिची खात्री होती. पण चिमण खुर्चीत अंग चोरून बसला होता. एवढं अंग चोरणं म्हणजे सोपं काम नव्हे! बाईंनी त्याचा कागद उघडला. त्यावर 'परिचित व्यक्ती' असं होतं. त्यांनी नंबर फिरवला.

खण पुन्हा वाजला.

या वेळी बाईंनी मोबाइल उचलला नाही. तो वाजून वाजून आपोआप थांबला, आणि तोवर तिघांपैकी कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

"चारशे नंबर होते ना रे तुझ्याकडे?" ताईने शेवटी विचारलं.

"आणि तुझं अख्खं ऑफिस धावत येणार होतं!"

"कर्मचाऱ्यांना परवानगी नसते हो," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फोनवरच्यापेक्षा वेगळा येत होता. "असती तरी... एकाला एक लागतं."

मग जे भांडण झालं ते बाहेरच्या प्रतीक्षाखोलीत सगळ्यांनी ऐकलं. "आधी याची करा, याचे गुडघे गेलेत!" "आधी हिची करा, हिला साखर आहे!" "तू लहान आहेस!" "मग तू मोठी आहेस, मोठ्यांचं आधी!" शेवटी बाईंनी टेबलावर हात आपटला. साखर ही गुडघ्यापेक्षा वरचढ ठरली. ताई आधी. चिमण सोबत.

"आता तुम्हाला पातळ खाण्याची सक्ती नाही," बाईंनी चिमणला बजावून सांगितलं. "नीट जेवा. सोबतीच्या माणसात ताकद हवी."

चिमणने मान डोलावली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. ताईने डोळे उघडले तेव्हा चिमण खुर्चीत होता. परत उघडले तेव्हाही होता. त्याने तिला चमच्याने पाणी पाजलं, तिला धरून खोलीत चार पावलं चालवलं, परिचारिकेला सतरा प्रश्न विचारले.

"जेवलास का?" ताईने अर्धवट गुंगीत विचारलं.

"हो तर."

"काय?"

चिमण जरा घुटमळला. "पेज."

"अरे, तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. पण तू चमच्याने पाणी पिणार आणि मी तुझ्यासमोर चावत बसू? बरं दिसतं का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं पांघरूण सारखं करायला तो उठला, म्हणाला, "ताई, खोली वर चाललीये," आणि सव्वाशे किलोचा चिमण सरळ जमिनीवर! बाजूचं स्टूल गेलं, पाण्याचा तांब्या गेला, आवाजाने चार माणसं धावत आली. त्या चौघांनी, मग आणखी दोघांनी मिळून त्याला उचललं आणि ताईच्या शेजारच्या रिकाम्या पलंगावर आडवा केला. काळजीचं काही नव्हतं. तीन आठवड्यांची उपासमार आणि तीस तासांची खुर्ची. त्याच्या हाताला सलाइन लागलं. तो डोळे किलकिले करून ताईकडे बघून ओशाळवाणं हसला.

नवी परिचारिका कोरा अर्ज घेऊन आली. भराभर रकाने भरत ती खाली आली आणि तिने मान वर केली.

"यांच्यासोबत कोण आहे?"

ताईच्या नाकात नळी होती, पोटावर पाच टाके होते आणि डाव्या हाताला सलाइन. तिने उजवा हात वर केला.

"मी आहे ना!"